सोपं आहे, हे कुणी ठरवायचं?

१९७९ साली लंडनच्या पार्लमेंट चौकात क्रिसी मेहर नावाच्या बाईंनी सरकारी फॉर्म आणि पत्रकांचा ढीग आणला आणि लोकांदेखत त्याच्या चिंध्या केल्या. हटकायला आलेल्या पोलिसाने एका जुन्या कायद्यातलं शंभराहून जास्त शब्दांचं वाक्य वाचून दाखवलं. आम्ही इथून जायचं असा याचा अर्थ का, असं बाईंनी त्यालाच विचारलं, अशी गोष्ट सांगतात. 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' ही संस्था इथून सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. कंपन्या आणि सरकारी खाती आपला मजकूर सोपा करून घ्यायला पैसे मोजू लागली, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाला पाठवू लागली.

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. पडद्यावर दिसणारी वाक्यं लिहिणं आणि ती तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे या व्यवसायाकडे मी भाषाप्रेमापेक्षा कारागिराच्या कुतूहलाने बघतो. यांनी नेमकं काय दुरुस्त केलं, आणि ते दुरुस्त झालं हे त्यांना कशावरून कळलं? माझ्या मते या चळवळीचं मोठेपण आणि तिची घसरण, दोन्ही या दुसऱ्या प्रश्नात आहेत.

मेहर लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतल्या. शाळेशी संबंध जेमतेम, आणि किशोरवयापर्यंत त्यांना नीट वाचता येत नव्हतं. १९७१मध्ये त्यांनी 'ट्यूब्रुक बगल' हे वस्तीचं वर्तमानपत्र काढलं. पुढे मार्टिन कट्स या सहकाऱ्याबरोबर त्या 'सॅल्फर्ड फॉर्म मार्केट'मध्ये काम करू लागल्या. नावाप्रमाणेच तो फॉर्मचा बाजार होता. सरकारी मदतीचे अर्ज भरता न येणारी माणसं तिथे येत आणि ही मंडळी त्यांना मदत करत. प्रश्न कुठे अडतो, कोणती चौकट रिकामी राहते, माणूस कुठे पेन खाली ठेवतो, हे तिथे रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. आमच्या धंद्यात ज्याला वापरचाचणी म्हणतात आणि ज्यासाठी मोठमोठ्या कंपन्या वेगळी माणसं नेमतात, ती चाचणी हे लोक पन्नास वर्षांपूर्वी तसं काही नाव न देता करत होते. त्यांचा निकष शैलीचा नव्हता. अर्ज भरला गेला की नाही, एवढाच होता.

यानंतर मात्र बक्षिसं आली. अगम्य लिखाणासाठी 'गोल्डन बुल', गोंधळलेल्या बोलण्यासाठी 'फूट इन माउथ', आणि १९९०पासून सुबोध कागदपत्रांवर छापायचा 'क्रिस्टल मार्क' हा शिक्का. बक्षिसांची बातमी होते, आणि बातमीशिवाय चळवळ चालत नाही, हे मान्य. पण बक्षीस द्यायला परीक्षक लागतो, आणि वाचक अडला का हे न बघता वाक्य कानाला कसं लागतं यावर निकाल देण्याचा मोह परीक्षकाला होतोच.

२००३ सालचा 'फूट इन माउथ' पुरस्कार अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना मिळाला. काही गोष्टी आपल्याला ठाऊक असतात, काही ठाऊक नाहीत हे ठाऊक असतं, आणि काही ठाऊक नाहीत हेसुद्धा ठाऊक नसतं, अशा अर्थाचं त्यांचं विधान जगभर चेष्टेचा विषय झालं होतं. पण त्यात एकही अवघड शब्द नाही. वाक्यरचना सरळ आहे, आणि विचारही बरोबर आहे. जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञाने तेव्हाच या निवडीवर टीका केली होती. त्या विधानात खटकण्यासारखं जे होतं, ते भाषेत नव्हतं. इराक दहशतवाद्यांना संहारक अस्त्रं पुरवू पाहतो याला पुरावा काय, या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर होतं. सोप्या शब्दांत प्रश्न टाळता येतो, आणि तसा टाळलेला प्रश्न पकडणं जास्त अवघड असतं. सुबोधतेच्या पहारेकऱ्यांनी नेमकं हेच दाखवून द्यायला हवं होतं. त्यांनी वाक्याला हसून घेतलं.

आमच्या क्षेत्रात हाच मोह आकड्यांच्या रूपाने येतो. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८मध्ये मांडलेलं वाचनसुलभतेचं सूत्र आजही कित्येक प्रणालींमध्ये आहे. वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात सरासरी अक्षरोच्चार किती, एवढ्या दोनच गोष्टी ते मोजतं. आता एखादं सोपं वाक्य घ्या आणि त्यातले शब्द उलट्या क्रमाने लिहा. अर्थ गेला, पण गुण तेवढेच राहिले! सूत्र चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, ते जे मोजतं ते बरोबर मोजतं. पण एखाद्या बँकेच्या ॲपमध्ये 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' असा संदेश येतो, तेव्हा वाक्यं छोटी असतात, शब्द घरगुती असतात, आणि आपले पैसे गेले की राहिले हे काही कळत नाही.

या दृष्टीने मला कट्स यांचा पुढचा प्रवास जास्त मोलाचा वाटतो. 'कॅम्पेन'मधून बाहेर पडून त्यांनी १९९४मध्ये 'प्लेन लँग्वेज कमिशन' ही संपादन आणि प्रशिक्षणाची छोटी संस्था काढली. त्याच सुमारास, कायद्याची भाषा क्लिष्टच असावी लागते हा समज खोडण्यासाठी, त्यांनी १९९२चा 'टाइमशेअर' कायदा आख्खा नव्याने लिहून काढला आणि दोन्ही मसुदे कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले. संसदेच्या मसुदाकारांच्या बाजूने त्यावर जाहीर प्रत्युत्तरही आलं. सोपं करताना अर्थ हलतो का, हा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. इथे संपादकाचा कान हा शेवटचा शब्द नाही. वाचकाला प्रश्न विचारले जातात, आणि तज्ज्ञ आक्षेप घेऊ शकतो.

एक अडचण मात्र या सगळ्यांनाच आहे. शिक्का आणि प्रशिक्षण यांचे पैसे देणारा ग्राहक म्हणजे ज्याचं लिखाण सुधारायचं तोच. फॉर्म मार्केटमध्ये अडलेली बाई समोर बसलेली होती, बैठकीच्या खोलीत ती नसते. मग एखाद्या विमा कंपनीच्या पत्रातलं वाक्य छोटं होतं, पण दावा का नाकारला हे पान चारवरच राहतं. यात कुणाचा अप्रामाणिकपणा असेलच असं नाही, व्यवहाराची घडणच तशी आहे. २०२३मध्ये आलेल्या सुबोध भाषेच्या आयएसओ मानकाने म्हणूनच कसोटी वाचकाकडे नेली आहे. वाचकाला हवं ते सापडलं का, समजलं का, आणि वापरता आलं का? मला यात फॉर्म मार्केटचंच टेबल दिसतं.

हे वाचताना मराठी आठवल्याशिवाय राहत नाही. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर आपल्याकडे शासनव्यवहारासाठी परिभाषा घडवण्याचं मोठं काम झालं. पण त्याबद्दलचा आपला वाद बहुतेक वेळा शब्दाच्या कुळापाशी थांबतो: संस्कृत की फारसी, की सरळ इंग्रजी? 'सातबारा' आणि 'फेरफार' हे शब्द शेतकऱ्याला अडवत नाहीत. त्याला अडवतं ते कोणता कागद, कुणाकडे, किती दिवसांत द्यायचा आणि नाही दिला तर काय होईल, हे एका जागी न सांगणं. 'उपरोक्त'च्या जागी 'वरील' लिहून ते सुटत नाही. तलाठी कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला लोक कुठे अडतात हे अचूक ठाऊक असतं, पण अर्ज तयार करताना त्याला कुणी विचारत नाही.

सोप्या इंग्रजीच्या या कार्यकर्त्यांकडून आपण शिक्के आणि बक्षिसं घ्यायची गरज नाही, ती आपल्याकडे मुबलक आहेत. घ्यायचं असेल तर सॅल्फर्डचं ते टेबल घ्यावं. एक अर्ज, तो भरणारा एक माणूस, आणि तो कुठे थांबतो हे गप्प बसून बघणारा त्या अर्जाचा लेखक.