उत्कलनांकातील फरक : अर्ध्यावर सोडलेला धडा

मिश्रणातील घटक वेगळे करण्याचा पाठ शिकवताना दोन वाक्ये हमखास येतात. एकमेकांत मिसळणाऱ्या द्रवांच्या उत्कलनांकांत पुरेसा फरक असेल तर ऊर्ध्वपातन करावे, आणि तो फरक २५ अंशांहून कमी असेल तर प्रभाजी ऊर्ध्वपातन करावे. एनसीईआरटीच्या २००६ साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही हीच मांडणी होती आणि तिच्या जोडीला ॲसिटोन व पाणी वेगळे करण्याची कृती होती. उदाहरणाची निवड चांगली होती. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. तापमापीकडे सतत लक्ष ठेवा, ही सूचनाही योग्यच. आमचा आक्षेप आहे तो त्यातून मुलांच्या मनात उभ्या राहणाऱ्या चित्राला.

ते चित्र असे : ५६ अंश झाले की ॲसिटोन उठून निघून जाते आणि पाणी आपला १००चा आकडा येईपर्यंत चंबूत वाट पाहत बसते. प्रत्यक्षात दोन्ही द्रवांची वाफ प्रत्येक तापमानाला होतच असते. दोन्ही वाफांचा एकत्रित दाब हवेच्या दाबाइतका झाला की सबंध मिश्रण उकळू लागते. ॲसिटोन व पाणी समान आकारमानाने घेतले तर ते सुमारे ६२ अंशांना उकळते. निघालेल्या वाफेत बहुतांश ॲसिटोन असते, पण थोडे पाणीही असते. ॲसिटोन कमी होत जाते तसे तापमान चढत राहते.

म्हणजे ‘तापमापी ५६ वर थांबली नाही, ती ६२ च्या पुढे सरकत राहिली’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने बरोबर पाहिलेले असते. पुस्तकातील आकडा प्रमाण मानून आपण त्याचे गुण कापले, तर तो एकच धडा शिकतो : डोळ्यांना दिसते ते लिहू नये. प्रयोगाच्या वहीत उत्तर आधी आणि निरीक्षण मागाहून भरण्याची सवय अशीच लागते.

दुसऱ्या वाक्याची गत याहून अवघड आहे. इथेनॉल ७८.४ अंशांना उकळते. पाण्याशी त्याचा फरक सुमारे २२ अंशांचा, तेव्हा नियमाप्रमाणे प्रभाजी स्तंभ लावला की काम व्हायला हवे. सुरुवात झकास होते. वजनाने १० टक्के इथेनॉल असलेल्या द्रावणाची पहिली वाफ थंड केली, तर तिच्यात इथेनॉल जवळजवळ निम्मे भरते. ती पुन्हा उकळली की प्रमाण आणखी वाढते. स्तंभात हेच पुनःपुन्हा घडते. पण वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. हे मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध इथेनॉलच्याही आधी उकळते आणि त्याच्या वाफेत इथेनॉल व पाणी यांचे प्रमाण द्रवातल्याइतकेच असते. द्रव आणि वाफ सारखीच, मग वेगळे काय होणार? अशा मिश्रणाला ॲझिओट्रोप म्हणतात. साध्या दाबाखाली स्तंभ कितीही उंच केला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. उलट मिथेनॉल व पाणी किंवा ॲसिटोन व पाणी यांच्यात असा अडथळा साध्या दाबाला येत नाही. दोन्ही द्रवांचे रेणू एकमेकांशी कसे वागतात हे पाहावे लागते. नुसत्या वजाबाकीने ते कळत नाही.

मग पुढे काय? १९०२ साली सिडनी यंग यांनी त्यात बेंझीन मिसळले. बेंझीन, पाणी व इथेनॉल यांचे तिहेरी मिश्रण सुमारे ६५ अंशांनाच उकळून पाणी घेऊन जाते आणि मागे निर्जल इथेनॉल उरते. बेंझीन कर्करोगकारक असल्याने पुढे अन्य उपाय आले. आज साखर कारखान्यांच्या आसवन्यांत पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी निर्जल इथेनॉल तयार होते, त्यासाठी रेणवीय चाळणीचा मोठा वापर होतो. तिच्या सुमारे ३ अँगस्ट्रॉम रुंदीच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. ही शेवटची खटपट हौसेची नव्हे. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला पाणी जास्त झाले की ते दोघे पेट्रोल सोडून टाकीच्या तळाशी जमतात.

हे सारे नववीच्या पाठात घालावे असे आमचे म्हणणे नाही. ‘काही मिश्रणे ऊर्ध्वपातनाने पूर्णपणे वेगळी होत नाहीत, इथेनॉल व पाणी हे त्यांपैकी एक’ एवढे एक वाक्य पुरे आहे. जोडीला एक बिनज्योतीचा प्रयोग करता येईल. परीक्षानळीत आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समभाग घ्या, आसपास ज्योत नको. त्यात बारीक मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घालून हलवा आणि स्थिर ठेवा. मिठाचे आयन पाण्याला धरून ठेवतात आणि अल्कोहोलचा थर वर येतो. मीठ घालून इथेनॉल मात्र असे वेगळे होत नाही. तिथे पोटॅशियम कार्बोनेट लागते. वरच्या थरातही थोडे पाणी राहतेच, हे मुलांना आवर्जून सांगा.

वेगळे करणे म्हणजे पूर्ण शुद्ध करणे नव्हे, हे त्या थराकडे बोट दाखवून सांगता येते. पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ते वाक्य येईल तेव्हा येवो. फळ्यावर लिहायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.