मृत्युपत्रांचें प्रामाण्य आणि प्रोबेटच्या मिसली

कुलवृत्तान्तांतून व जुन्या घराण्यांच्या चरित्रलेखांतून मृत्युपत्रांचे उतारे छापण्याचा प्रघात आतां चांगलाच रुळला आहे. प्रघात स्तुत्य आहे. सनदा, महजर, तहनामे व वांटणीपत्रें यांच्या पंक्तीस मृत्युपत्रालाहि पाट मिळावा हें योग्यच होय. परंतु एखादी सनद हातीं येतांच जे संशोधक तिचें अक्षरवळण, शिक्का, मोर्तब व तिथिवार यांचा मेळ घालून पाहतात, तेच मृत्युपत्र पुढें आलें कीं निःशंक होतात. “अमक्यांच्या मृत्युपत्रावरून असें दिसतें” एवढ्या एका वाक्यावर पंचवीस वर्षांचा गृहकलह निकालांत निघतो. तें पत्र मूळ कीं नक्कल, तें कोणत्या न्यायालयापुढें आलें, त्यास कोणीं हरकत घेतली, आणि त्याप्रमाणें मालमत्ता खरोखर हस्तांतरित झाली काय, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर बहुधा दिलेलें नसतें. या उणिवेचें परीक्षण करणें व ती भरून काढण्याचा मार्ग दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत. ही त्रयी आमच्या कामास आजहि पुरते. मृत्युपत्र हें केवळ लिखित होय. त्यावर सह्या करणाऱ्यांच्या जबान्या म्हणजे साक्षी, आणि पुढें मालमत्ता कोणाच्या वहिवाटीस गेली ती भुक्ति. घरच्या पेटींत सांपडतें तें लिखित; उरलेलीं दोन प्रमाणें न्यायालयाच्या व महसुलाच्या दप्तरांत असतात. तीं न पाहतां काढलेलें अनुमान तिवईच्या एकाच पायावर उभें असतें.

मृत्युपत्र हा प्रकार आपल्याकडे अर्वाचीन आहे, हें प्रथम ध्यानांत धरिलें पाहिजे. धर्मशास्त्रांत दायविभागाचा ऊहापोह विपुल आहे. पण मेल्यानंतर अमलांत यावयाची स्वतंत्र लेखी व्यवस्था, या अर्थाचा रूढ शब्ददेखील तेथें नाहीं. पेशवाईंत वतन किंवा इनाम पुढें चालविण्याचा प्रश्न सरकारच्या मान्यतेनें व नजराण्यानें सुटे. मृत्युपत्रें शाबीत करण्याची पद्धति इंग्रजी न्यायालयांबरोबर आली. मुंबईस १७२६ च्या सनदेनें स्थापलेलें मेयरचें कोर्ट, १७९८ चें रेकॉर्डरचें कोर्ट, १८२४ चें सुप्रीम कोर्ट आणि १८६२ चें उच्च न्यायालय, अशी तिची परंपरा आहे. हिंदूंच्या मृत्युपत्रांस १८७० चा हिंदु विल्स ॲक्ट, नंतर १८८१ चा प्रोबेट व ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्ट, आणि अखेर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू झाला. एखादें मृत्युपत्र कोणत्या वर्षाचें, हें कळलें कीं तें कोणत्या कायद्याच्या छायेंत लिहिलें गेलें हें कळतें, व मिसल कोठें शोधावयाची याची दिशाहि तेथेंच मिळते.

येथें एक मोठा भ्रम दूर केला पाहिजे. वंशावळीच्या शोधासंबंधीं इंग्रजींत जीं मार्गदर्शक पुस्तकें आहेत तीं वाचून आमचे कित्येक अभ्यासक “स्थानिक प्रोबेट कोर्टा”च्या शोधांत निघतात, आणि तेथें कांहीं न आढळल्यास मृत्युपत्र झालेंच नाहीं असा निर्णय देतात. इंग्लंडांत १८५८ पासून प्रोबेटचें काम एका मध्यवर्ती व्यवस्थेखालीं आलें आणि प्रतिवर्षीं नांवनिशीवार सूची छापल्या गेल्या. म्हणून तेथें सूचींत नांव नसणें हें कांहीं तरी सुचवितें. आपल्याकडे तशी एक सूची नाहीं. १९२५ च्या अधिनियमाचें २९४ वें कलम असें सांगतें कीं, मृत्युपत्रांची सार्वजनिक निबंधशाळा स्थापन होईपर्यंत जिल्हा न्यायाधीशानें मूळ मृत्युपत्रें आपल्याच दप्तरांत जतन करावीं. “होईपर्यंत” या एका शब्दांत आमच्या अडचणीचें सारें मूळ आहे. त्याच कलमांतून दुसरीहि गोष्ट निष्पन्न होते. ज्यास प्रोबेट मिळालें त्याचें मूळ पत्र न्यायालयांत राहतें. वारसाच्या घरीं येते ती न्यायालयाच्या शिक्क्याची प्रत. संग्राहकांनीं असली प्रत “मूळ मृत्युपत्र” म्हणून नोंदवूं नये.

शिवाय आपल्या प्रांतांत प्रोबेट सर्वत्र आवश्यक नव्हतें. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दींत केलेल्या, अथवा त्या हद्दींतील स्थावरासंबंधींच्या हिंदु मृत्युपत्रास त्याचें बंधन दीर्घकाळ होतें. पुणें, सातारा, नाशिक येथील गृहस्थानें आपल्या गांवच्या वाड्याविषयीं व शेताविषयीं लिहून ठेविलें तर प्रोबेट घेणें ऐच्छिक होतें, आणि पुष्कळांनीं तें घेतलें नाहीं. म्हणून मुफसल जिल्ह्यांत शोध करणाऱ्यानें आणखी दोन प्रकारचीं प्रकरणें पाहिलीं पाहिजेत. पहिला, मुंबई सरकारच्या सन १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनाखालील वारस दाखल्याचा. दुसरा, १८८९ च्या कायद्याखालील व पुढें १९२५ च्या अधिनियमांत समाविष्ट झालेल्या उत्तराधिकार प्रमाणपत्राचा. हें प्रमाणपत्र केवळ येणें व रोखे यांपुरतें असतें. त्यावरून जमिनीच्या हक्काचें अनुमान करणें अयुक्त होय. संस्थानी मुलखांतलीं प्रकरणें त्या त्या संस्थानच्या न्यायालयांत चाललीं, व मराठवाड्यांतलीं निजामाच्या. गोमंतकांत तर मृत्युपत्र नोटरीपुढें होई व वांटणी ‘इन्व्हेंतार’ नांवाच्या प्रकरणांत. तेथें प्रोबेट शोधणें व्यर्थ आहे.

प्रोबेट नसलें तरी निबंधकाची कचेरी आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणें मृत्युपत्रें व दत्तक घेण्याचीं अधिकारपत्रें तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकांत नोंदलीं जातात, आणि मोहोरबंद ठेव म्हणून दिलेल्या मृत्युपत्रांची नोंद पांचव्या पुस्तकांत होते. तिसऱ्या पुस्तकांतील नक्कल लिहून देणाराच्या हयातींत त्यास किंवा त्याच्या मुखत्यारासच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र मागेल त्यास ती देण्याची कायद्याची आज्ञा आहे. पुस्तक आपण चाळावयाचें नसतें. शोध नोंदणी अधिकाऱ्यानेंच घ्यावयाचा असतो. ही तरतूद इतकी अनुकूल असतां तिचा लाभ घेतल्याचें कुलवृत्तान्तांत क्वचितच दिसतें.

आतां मागणीच्या अर्जाविषयीं. “आमच्या घराण्यासंबंधीं असतील ते सर्व कागद मिळावेत” अशा अर्जास नकार आला तर दोष कारकुनाचा नव्हे. अर्जांत दिवंगताचें पूर्ण नांव, त्याचीं प्रचलित दुसरीं नांवें, मृत्यूचें वर्ष व स्थळ, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व वर्ष हीं असलीं पाहिजेत. क्रमांक ठाऊक नसल्यास प्रथम केवळ सूची किंवा नोंदवही पाहूं देण्याचा अर्ज करावा. शोध मृत्यूच्या वर्षापासून आरंभून पुढें न्यावा, कारण अर्ज कित्येकदां बऱ्याच वर्षांनीं होतो. नांव आडनांवाखालीं न आढळल्यास व्यक्तिनामाखालीं पाहावें, आणि इंग्रजी वर्णलेखनाचे सर्व पर्याय आधीं कागदावर मांडून घ्यावे. मिसलीचा पत्ता लागल्यावर सुट्या कागदाऐवजीं अगोदर मिसलींतील कागदांची यादी मागावी. यादीवरून काय मागावयाचें तें ठरतें. जो पक्षकार नव्हे त्यानें प्रतिज्ञापत्रासह आपला हेतु स्पष्ट लिहावा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम येथें पुढें करून उपयोग नाहीं. न्यायालयीन मिसलींच्या नकला न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे.

एवढा खटाटोप करून मिळतें काय? मूळ अर्जांत मृत्यूची वेळ, मालमत्तेचा अंदाज व व्यवस्थापकांचीं नांवें येतात. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एक वर्षांत हिशेब दाखल करावयाचा असतो. घरांतील भांडीकुंडीं, दागिने, कर्जरोखे व क्वचित् पोथ्यादेखील अशा यादींतून उजेडांत येतात. हस्तलिखितांचे एखादें दप्तर कोणत्या शाखेकडे गेलें, याचा माग लावण्यास याहून चांगलें साधन नाहीं. हरकत आली असल्यास कॅव्हेट व जबान्या असतात. मृत्युपत्र मोडींत असलें तर सोबत इंग्रजी भाषांतर असूं शकतें, आणि येथें विशेष सावधगिरी हवी. ‘पुत्रपौत्रादि’ हा शब्दच घ्या. अक्षरार्थानें तो पुत्रपौत्रांचा, पण न्यायालयांनीं त्यांत वंशपरंपरेचा पूर्ण हक्क, स्त्री वारसांसुद्धां, वाचला. भाषांतरकारानें केवळ पुत्र व नातू लिहिले असतील, आणि संशोधकानें त्या इंग्रजीचें पुन्हां मराठी केलें, तर दात्याचा आशय दोनदां गाळला जातो. म्हणून मूळ मोडी वाचल्याखेरीज उतारा छापूं नये.

लिखितावर विसंबून राहण्यांत किती सत्य हरवतें, याचें ठळक उदाहरण पुण्यांतच आहे. सरदार बाबामहाराज पंडित १८९७ मध्यें निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रांत लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृतींकडे व्यवस्था सोंपविलेली होती. पुढें जन्मलेला पुत्र अल्पायुषी ठरला व दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. १९०१ मध्यें विधवा ताईमहाराज यांनीं प्रोबेट रद्द व्हावें म्हणून जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढें अर्ज केला. त्यांतूनच टिळकांवरील फौजदारी खटला निघाला. १९०३ मध्यें शिक्षा झाली, १९०४ मध्यें उच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष ठरविलें, आणि दत्तकाचा दिवाणी वाद १९१५ मध्यें प्रिव्ही कौन्सिलांत टिळकांच्या बाजूनें संपला. या प्रकरणावर पुष्कळ लिहिलें गेलें, परंतु बहुतेक लेखन फौजदारी खटल्याभोंवतीं फिरतें. सर्वांचा उगम एका प्रोबेटच्या अर्जांत आहे, आणि ताईमहाराजांचें म्हणणें त्यांच्या बाजूच्या कागदांतून वाचल्याशिवाय त्या केवळ कोणाच्या तरी हातचें बाहुलें होत्या कीं त्यांस स्वतःची कांहीं तक्रार होती, हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस येत नाहीं. निकाल एका बाजूनें लागला म्हणून दुसरी बाजू इतिहासांतून वजा होत नाहीं.

आमच्या मतें खरा मुद्दा हाच आहे. मृत्युपत्र हा कर्त्या पुरुषाचा शब्द. मिसलींत त्या शब्दानें ज्यांस वगळलें त्यांचा शब्द असतो. १९३७ च्या कायद्यापूर्वीं एकत्र कुटुंबांतील विधवेस बहुधा अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. तिनें, धाकट्या भावानें किंवा दुसऱ्या घरच्या मुलांनीं घेतलेली हरकत हा कित्येकदां त्यांच्या हयातीचा एकमेव लेखी पुरावा असतो. वंशवृक्षांत “निःसंतान” अथवा “नांव अज्ञात” असें लिहिणारे लेखक ती हरकत न शोधतां तसें लिहितात, तेव्हां कर्त्याचाच निर्णय दुसऱ्यांदा बजावतात.

तथापि मिसलीसहि मर्यादा आहेत. प्रोबेट हें मृत्युपत्र खरें व शेवटचें आहे एवढेंच सिद्ध करतें. त्यांत वर्णिलेली मालमत्ता दात्याचीच होती हें नव्हे. एकत्र कुटुंबाचें शेत स्वतःचें म्हणून लिहून देणारे कमी झाले नाहींत. म्हणून भुक्तीचा तिसरा पाय हवा: गांवच्या फेरफाराच्या नोंदी, वारसांचा सहा-क चा नमुना व सातबारा यांच्याशीं यादी ताडून पाहावी.

शेवटीं काळाचा प्रश्न. १९१७ च्या कायद्यानें न्यायालयांस निरुपयोगी ठरलेले कागद नियमांनुसार नष्ट करण्याची मुभा आहे. कागद उपयोगी आहे हें मागणाऱ्याखेरीज कोण सांगणार? ज्या मिसलीस शंभर वर्षांत कोणीं हात लाविला नाहीं तिची बाजू मांडावयास कोणी उभा राहत नाहीं. यास्तव आमची सूचना अशी कीं, यापुढें मृत्युपत्राचा उतारा छापतांना पांच गोष्टी त्याखालीं द्याव्यात: प्रत मूळ कीं नक्कल, न्यायालय अथवा निबंधकाची कचेरी, प्रकरणाचा क्रमांक व वर्ष, हरकत आली कीं नाहीं, आणि वहिवाट कोणाकडे गेली. यांपैकीं जी गोष्ट शोधूनहि मिळाली नसेल तेथें कोठें व कधीं शोधलें तें लिहावें, म्हणजे पुढच्या माणसाचा तेवढा फेरा वांचेल.