'मानधन' या शब्दाची तपासणी

आज आम्ही पुस्तकावर नाही, शासन निर्णयातल्या दोन शब्दांवर बोलणार आहोत: 'शिक्षण सेवक' आणि 'मानधन'.

ही योजना २००० सालची. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं पगार नाही, ठरावीक मानधन. प्राथमिकला आधी ३,०००, मग ६,०००, आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये. सातव्या वेतन आयोगात याच पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन आहे २९,२००. वर्ग तोच, पोरं तीच, पेपर तपासणंही तेच. पगार हक्कानं मागता येतो. मानधन देणाऱ्याच्या मर्जीचं. आणि एकदा 'सेवक' म्हटलं, की त्यानं हिशेब विचारणंच वाईट दिसतं.

कोणी म्हणेल, ही परिविक्षा आहे. असू द्या ना! बँकेतल्या नव्या कारकुनालाही परिविक्षा असते, पण त्याला वेतनश्रेणी पहिल्या दिवसापासून मिळते.

मग हे सदरमध्ये येऊन काहून सांगायचं? हा जुन्या छावणीचा बाजार, मिशनच्या शाळांचा भाग. इथल्या शाळेत नंबर लागला की घरात पेढे वाटतात. नावाजलेल्या वस्तीतल्या शाळेत पगारही नावाजलेला असेल, असं आपण धरून चालतो. बाजार मात्र उलटा चालतो. शिक्षक भरतीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत बी.एड. झालेली पोरं-पोरी कुठं गेली असतील? बरीचशी विनाअनुदानित शाळांच्या दारात. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली त्या शाळांनाही लागू आहे. पण नियमावर बोट ठेवायचं कोणी? बोट ठेवणाऱ्याच्या जागेसाठी दहा अर्ज टेबलावर पडलेले असतात. शाळेच्या नावालाच पगाराचा भाग समजा, असं न बोलता सांगितलं जातं. त्या नावावर सदरमध्ये खोली मिळत नाही. बाई कामठीहून, गोधनीहून येतात आणि संध्याकाळी शिकवण्या घेतात.

दोष एकट्या सरकारचा नाही. पालकसभेत आम्ही फी विचारतो, बस विचारतो, एसी विचारतो. वर्गातल्या बाईंच्या हातात महिन्याला किती पडतात, हे आम्ही कधी विचारलंय?

तेव्हा आमची टीका शब्दापासून सुरू होते, पण तिथं थांबत नाही. 'मानधन' खोडा, 'वेतन' लिहा, आणि पहिल्या महिन्यापासून द्या. मान आपोआप येईल.