ऑर्गनचा तो तुकडा कोणाचा?

मालकी या कल्पनेचा विचार करताना आपण बहुधा जमिनीचं उदाहरण घेतो. जमिनीला कुंपण घालता येतं. पण चार जणांनी एका खोलीत बसून उभ्या केलेल्या गाण्यात कुंपण कुठे घालायचं?

१९६७ साली इंग्लंडमधल्या प्रोकॉल हॅरम या बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गाणं जगभर गाजलं. श्रेय दोघांनाच होतं : संगीत गॅरी ब्रुकर, शब्द कीथ रीड. गाणं सुरू होतं ते मात्र मॅथ्यू फिशर यांच्या ऑर्गनच्या आठ बारांनी. २००५ मध्ये, ३८ वर्षांनी, फिशर कोर्टात गेले. हायकोर्टाने त्यांना सहरचनाकार मानून संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. त्यांनी निम्मा मागितला होता. अपील कोर्टाने रचनेचं श्रेय कायम ठेवलं, पण उशीर झाला म्हणून पैशातला वाटा नाकारला. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो परत दिला. उशिरामुळे प्रतिपक्षाचं नुकसान झालं नव्हतं, उलट फायदाच झाला होता, असं लॉर्ड्सनी म्हटलं. मागच्या वर्षांचे पैसे मात्र फिशर यांना मिळाले नाहीत.

निकाल न्याय्य आहे, असं आम्हांला वाटतं. गप्प बसणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे, हे त्यात स्पष्ट झालं. पण ४० टक्के कोणत्या मापाने? लॉकने सांगितलं की, निसर्गातल्या वस्तूत आपले श्रम मिसळले की ती आपली होते. ठीक. पण जिथे श्रम दुसऱ्याच्या श्रमातच मिसळतात, तिथे लॉकचा हिशोब अडतो.

आपल्याकडचा कायदा आणखी अडचणीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकाचं योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळं काढता येत नसेल, तरच ती संयुक्त कृती. म्हणजे बघा, वादकाने आधी 'हा तुकडा माझा' असं बोट ठेवून दाखवायचं आणि लगेच 'तो वेगळा काढता येत नाही' असंही म्हणायचं! आमच्या मते प्रश्न असा विचारायला हवा : तो तुकडा काढला, तर उरतं ते हेच गाणं राहतं का?

यावर कोणी म्हणेल, मग गायक आणि तबलजीही मालक झाले. तसं नाही. दिलेलं वाजवणं वेगळं आणि नसलेलं रचणं वेगळं. सादर करणाऱ्यांसाठी २०१२ च्या दुरुस्तीत रॉयल्टीची निराळी तरतूद झालीच आहे. अडकतो तो मधला माणूस, अरेंजर.

हिंदी सिनेमात हे काम अनेक गोवेकरांनी केलं : अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट. चाल हार्मोनियमवर जन्मायची. व्हायोलिनने काय वाजवायचं, ट्रंपेटने कुठे शिरायचं, हे अरेंजर कागदावर उतरवायचे. त्यातलं सांगितलेलं किती आणि त्यांना सुचलेलं किती? हे कोणी नोंदवलंच नाही. तबकडीवर नाव संगीतकाराचं. शिवाय १९७७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सिनेमासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचा. तेव्हा संगीतकाराचेच हात रिकामे, तिथे अरेंजरला कोण विचारतो! २०१२ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं, अरेंजर त्यातही बाहेरच राहिला.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. वाटा किती, हे कोर्टाला अंदाजानेच ठरवावं लागतं. कोणी काय केलं, हे मात्र रेकॉर्डिंगच्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. ते त्याच दिवशी लिहून, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मैत्रीत हिशोब कसला, असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. हे वाक्य बहुतेक वेळा ज्याचं नाव तबकडीवर असतं, तोच उच्चारतो.