न लिहिलेली आत्मकथनं

दलित आत्मकथनावर प्रस्थापित समीक्षकांचं एक ठरलेलं वाक्य आहे : 'प्रतिकूल परिस्थितीवर जिद्दीनं मात केली.' दोस्तांनो, आपले कार्यकर्तेही सभेत हेच बोलतात. पण जिद्दीनं वर येता येतं म्हटलं, की जो वर आला नाही त्याच्यात जिद्दच नव्हती, असा सरळ अर्थ निघतो. व्यवस्था सुटली, पोरगं सापडलं!

लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) वाचा. कैकाड्याचं बिऱ्हाड गाढवांवर. बापाला पोरगं शिकवायचंय, पण पोटासाठी गाव सोडलं की शाळाही सुटते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या दारातच बापाच्या नावाचा सवाल आडवा येतो. अक्कल कुठंच कमी पडत नाही. शाळाच एका जागी राहणाऱ्या, बापाचं नाव लावणाऱ्या पोरासाठी मांडलेली असते.

आता तेरखेड्याकडं या. फटाक्यांचं गाव म्हणून त्याची ओळख. याच दुष्काळी धाराशिव जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघतात. लग्नाला, दवाखान्याला मुकादमाची उचल आधीच घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि मधेच फडावर मोडतं. थोरली पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळते. हजेरीपटात तिचं नाव असतं, ती नसते. 'उपरा' अजून चालूच आहे. गाढवाच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढंच.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं मांडलं होतं, की कष्टकऱ्यांच्या करातून वरच्यांची पोरं शिकतात. २००९च्या कायद्यानं खाजगी शाळांत गरीब-वंचितांना २५ टक्के जागा दिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेला त्यातून मोकळं केलं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. म्हणजे एका बाकावर बसायलाही अजून कोर्टात जावं लागतं. आणि उसाच्या फडावर तो बाकही नसतो.

आत्मकथन लिहायला आधी अक्षर लागतं. म्हणून आपल्या हाती आलेली बहुतेक पुस्तकं बचावलेल्यांची आहेत. त्यांचा मान आहेच. पण आपली समीक्षा तिथंच थांबली तर ती सत्कार-समारंभ होईल. लेखकाबरोबर पहिलीत किती पोरं होती, दहावीला किती उरली, त्याच्या फीसाठी घरातलं कोण राबलं, कुणाची शाळा सुटली, हे पुस्तकाला विचारा. पुस्तकात नसेल तर वस्तीत जाऊन विचारा.