तिकिटांवरचे चेहरे आणि हरवलेला सिनेमा

भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त ३ मे २०१३ रोजी टपाल खात्याने एकदम ५० तिकिटे काढली. सहा मिनिएचर शीट्स, आणि त्यांवर ओळीने चेहरे: भालजी पेंढारकर, दुर्गा खोटे, स्मिता पाटील, सोहराब मोदी, राजेश खन्ना. यांतल्या कुणाच्याही मानाबद्दल वाद नाही. पण शीट भिंगाखाली धरली की माणसे दिसतात, त्यांची कला दिसत नाही.

दुर्गाबाईंचेच तिकीट घ्या. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून उभे केले. १९३२मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या दुर्गा खोटे. मुंबईच्या प्रतिष्ठित घरातली, शिकलेली बाई कॅमेऱ्यासमोर येऊन बोलू लागली, ही त्या काळी केवढी खळबळजनक गोष्ट होती! साळुंक्यांची मुकी तारामती आणि दुर्गाबाईंची बोलकी तारामती एका जोडतिकिटावर शेजारी छापल्या असत्या, तर या १९ वर्षांचा इतिहास दोन इंचांत मावला असता. सुट्या चेहऱ्यात तो मावत नाही.

खुद्द फाळक्यांवरचे २० पैशांचे तिकीट ३० एप्रिल १९७१ला, त्यांच्या जन्मशताब्दीनंतर वर्षभराने निघाले. ते छापले गेले नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, म्हणजे फाळक्यांनी अखेरचा श्वास घेतला त्याच गावी. शिवाय फाळके मुळात छपाईतले माणूस. लोणावळ्यात रविवर्म्यांच्या चित्रांची छपाई, मग स्वतःचा छापखाना, आणि त्यानंतर सिनेमा. तिकिटाच्या कलेशी एवढे घट्ट नाते असलेला दुसरा चित्रपटकर्ता शोधून सापडणार नाही.

इतर देशांनी सिनेमाच्या तिकिटांचा वेगळा विचार केला. ब्रिटनने १९९६मध्ये सिनेमाच्या शताब्दीला हॅरोगेटचे ओडियन थिएटर आणि प्रेक्षकाच्या हातातले जुने प्रवेशतिकीट छापले. अमेरिकेने २००३मध्ये दहा तिकिटे पडद्यामागच्या कामांना दिली: पटकथा, संकलन, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा. आपल्याकडे सत्यजित राय यांच्या १९९४च्या जोडतिकिटात ‘पथेर पांचाली’तले दृश्य आले, तेव्हा कलावंताबरोबर कलाकृतीही टपालात गेली. तो रस्ता पुढे फारसा वापरला गेला नाही, याची खंत वाटते.

याचे एक कारण निवडीच्या रीतीत आहे. आपली तिकिटे बहुधा दिवंगत व्यक्तीच्या जयंती-शताब्दीला निघतात. कॅमेऱ्याची, तंबू थिएटरची, स्टुडिओची जयंती कोण साजरी करणार? बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः घडवलेला कॅमेरा, प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी, प्रभातचाच पुण्यातला तो स्टुडिओ जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जत्रेत कनात ठोकून रात्री खेळ लावणारी फिरती टॉकीज: पुढच्या सिनेमा-मालिकेचा प्रस्ताव कुणी पाठवणार असेल, तर त्याने यादी इथून सुरू करावी.