निळ्याची नोंद

न्यू यॉर्कच्या कूपर ह्यूइट या डिझाइनच्या संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहाच्या नोंदी सर्वांना मुक्तपणे वापरायला दिल्या. पुढे वस्तू रंगावरून शोधण्याची सोयही केली. निळा निवडावा, आणि कापडाचा तुकडा, भित्तिपत्रक, भिंतीचा कागद अशा एरवी कधी न भेटणाऱ्या वस्तू शेजारी याव्यात. या खेळात मी पुष्कळ रमले. सवयीच्या मांडणीला असा धक्का हवाच असतो.

पण हा निळा वस्तूचा नाही, तिच्या छायाचित्राचा आहे. संगणक चित्रातले ठळक रंग काढतो आणि वेबवरच्या प्रमाणित रंगनामांपैकी जवळच्या नावाखाली टाकतो. त्या नामावळीत ‘इंडिगो’ आहे: लाल ७५, हिरवा ०, निळा १३०. पडद्यावर बघा, आपण त्याला सरळ जांभळा म्हणू. म्हणजे खऱ्या निळीत बुडवलेले कापड ‘इंडिगो’खाली सापडण्यापेक्षा ‘नेव्ही’त किंवा एखाद्या करड्या कप्प्यात जाण्याचाच संभव अधिक. ज्या रंगाला ग्रीकांनी आपल्या देशावरून नाव दिले, त्याची ही गत!

नीळ पाहायची तर पिंपापाशी पाहावी. कापड बाहेर येते तेव्हा पिवळट हिरवे असते, वारा लागला की निळे होते. एका बुडीत अस्मानी, अनेक बुड्यांनंतर जवळजवळ काळे. हे काम करणाऱ्यांना आपल्याकडे निळारी किंवा निराळी म्हणत. बुड्या आणि हात, दोन्ही त्या तीन आकड्यांत मावत नाहीत.

होकुसाईची ती प्रसिद्ध लाट घ्या. मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रतीच्या तपासणीत प्रशियन ब्लू आणि नीळ अशी दोन्ही रंगद्रव्ये आढळली. एक अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये योगायोगाने सापडलेले, दुसरे झाडाच्या पानांतले. डोळ्याला मात्र एकच समुद्र दिसतो.

उपाय अवघड नाही. गेटी संस्थेच्या कलाविषयक शब्दकोशात, जो २०१४ पासून खुला आहे, रंग आणि द्रव्य यांचे वर्ग वेगळे आहेत. नोंदवहीतही दोन रकाने हवेत: डोळ्याला काय दिसते, आणि ते कशाने झाले.

हे मी परक्यांना सुनावण्यासाठी लिहीत नाही. पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेल्या ‘जतन’ या प्रणालीतून आपल्या संग्रहालयांच्या नोंदी संगणकावर येत आहेत. त्यात एखाद्या साडीपुढे नुसते ‘ब्लू’ पडले, तर चिंतामणी, मोरपिशी, अस्मानी हे सगळे एकाच गाठोड्यात गेले म्हणायचे. बोलीतले नाव शोधता येईल असे नोंदवावे. रंगद्रव्याची तपासणी झाली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, रकाना कोरा सोडू नये. पुढच्या माणसाला निदान कळेल, की कुठल्या कापडापासून सुरुवात करायची.